आधी तुम्ही मारा, विहीणबाई

“आ करा काकू. अजून मोठा. हं, आता जरा मुंग्या येतील, घाबरू नका,” असं म्हणत डॉक्टर हर्डीकरबाईंनी माझ्या हिरडीत सुई टोचली, हातमोजे काढले, ॲप्रनच्या खिशातून मोबाइल काढला आणि एका माणसाला गोळी घातली.

मी खुर्चीत आडवी, तोंडात कापूस. डोळे तिरपे करून पाहिलं तर मोबाइलच्या पडद्यावर एक बेट, त्यावर घरं, आणि घराघरांतून बंदुका घेऊन पळणारी माणसं.

“भूल चढेपर्यंत माझा एक डाव होतो,” बाई म्हणाल्या. “पेशंटलाही बरं. मी गप्पा मारत बसले तर त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं आणि जीभ चावली जाते.”

एरवी मी नाक मुरडलं असतं. नाशिकच्या शाळेत जन्मभर मुलांचे मोबाइल काढून घेण्यात माझा हातखंडा होता. पण त्या दिवशी मी कापूस बाजूला सारला आणि अर्धवट बधिर तोंडानं म्हणाले, “दाक्तल, मया हे शिकवाय?”

त्याचं कारण असं होतं.

माझा मुलगा तन्मय आणि सून ऋजुता मेलबर्नला असतात. दोघांची ओळखच असल्या एका खेळात झालेली. ह्यानं तिला पाठीमागून गोळी घातली, तिनं रागानं नाव विचारलं, आणि पुढं वर्षभरात लग्न. तर ऋजुताला दिवस गेले. बाळंतपणाला आईनं जायचं, एवढं ठरलेलं. पण कुठल्या आईनं? तन्मय म्हणाला, “आई, घर लहान आहे. एका वेळी एकच जण राहू शकेल. आधी एकीनं यायचं, तीन महिन्यांनी दुसरीनं.”

आता बाळ जन्मल्यावर हातात घेणं वेगळं आणि तीन महिन्यांनी जाऊन घेणं वेगळं. पहिलं बाळंतपण माहेरचं, असं शरयूबाईंचं म्हणणं. शरयू गायधनी म्हणजे ऋजुताच्या आई, माझ्या विहीणबाई. माझं म्हणणं, घर माझ्या मुलाचं, तेव्हा बाळंतपण आमच्याच घरी चाललंय. दोघींची घरं नाशकातच, रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर. पण लग्नाच्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. सगळी बोलणी पोरांमार्फत व्हायची. आमच्या ह्यांनी आणि गायधनींनी या प्रकरणात पडायचं नाही असं परस्पर ठरवलं होतं, आणि दोघं मिळून दर शनिवारी मिसळ खायला जात होते, हे मला फार पुढं कळलं.

शेवटी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ऋजुतानं कपाळाला हात लावला. “आई, माझं डोकं उठलंय तुमच्या दोघींच्या भांडणानं. पुढच्या रविवारी आमच्या मित्रांचा डाव आहे. उतरा दोघी. दोघींतली जी जास्त वेळ जिवंत राहील ती आधी येईल. झालं?”

तन्मय खो खो हसला.

“चालेल,” मी म्हणाले.

त्याचं हसू थांबलं. “आई, ती गंमत करतेय.”

“मी नाही करत.”

तासाभरात निरोप आला की शरयूबाईंनीही “चालेल, कळवा त्यांना” म्हटलंय.

म्हणून मी हर्डीकरबाईंना गाठलं होतं. नशिबानं दाढेचं काम मोठं होतं. दिवसाआड बोलावत होत्या. इंजेक्शन दिलं की त्या माझ्या हातात माझा मोबाइल द्यायच्या आणि शेजारी स्टूल ओढून बसायच्या.

खेळ साधा. सगळे विमानातून छत्री घेऊन बेटावर उड्या मारतात. बंदुका, औषधं, चिलखतं घराघरांत पडलेली असतात, ती उचलायची आणि एकमेकांना मारायचं. बाहेरून निळा विषारी धूर हळूहळू आत सरकतो, त्यामुळं सगळ्यांना मधल्या वर्तुळात यावं लागतं. शेवटी जो उरेल तो जिंकला.

पहिल्या डावात मी जिथं सगळे उड्या मारत होते तिथंच उडी मारली. ओळखीपाळखीचं कोणी भेटलं तर बरं, असा विचार. पाय टेकायच्या आत मेले.

“गर्दीत कशाला उतरलात?” बाई म्हणाल्या. “सेलमध्ये साड्या घ्यायला आलात का? लांब उतरायचं. जिथं कोणी जात नाही तिथं.”

दुसऱ्या डावात लांब उतरले. छान टुमदार घर होतं. आत शिरले, चिलखत उचललं, औषधाची पेटी उचलली, आणि खिडकीत उभी राहून बाहेरचा डोंगर बघत बसले. मेले.

“खिडकीत उभं राहायचं नाही. आणि घरात शिरलं की दार लावून घ्यायचं. उघडं दार दिसलं की लोकांना कळतं, आत कोणीतरी आहे.”

“दाय कुथल्या बतनानं लावायचं?”

“हे बघा, हे. आणि हेडफोन घाला. पावलं ऐकू येतात. निम्मा जीव कानांवर वाचतो.”

तिसऱ्या डावात मी मैदानात पडलेली एक चकचकीत बंदूक पाहून धावत सुटले.

“काकू! उघड्या मैदानातून पळायचं नाही. पडलेली वस्तू दिसली की हावरटपणा करायचा नाही. ती कोणीतरी मेलेल्याची असते आणि मारणारा तिथंच बसलेला असतो.”

“मग मी कलायचं काय?”

“काही करायचं नाही!” बाईंनी स्टुलावरच मांडी ठोकली. “तुम्हाला जिंकायचंय का? नाही. दुसरीपेक्षा जास्त जगायचंय. मग गोळी झाडूच नका. गोळी झाडली की आवाज होतो, आवाज झाला की जागा कळते. खाली बसून चाला. धूर कुठं आलाय तेवढं नकाशात बघत राहा. बाकी लोक एकमेकांना मारतील, तुम्ही लपून राहा.” मग त्या जवळ सरकल्या. “आणि एक जागा सांगते, कुणाला बोलू नका. बेटाच्या मध्ये टेकडीवर पिवळा बंगला आहे. त्याच्या मागं एक न्हाणीघर. तिथं काहीच मिळत नाही म्हणून कोणी येत नाही. आत जायचं, दार लावायचं आणि टबात आडवं व्हायचं.”

“दाक्तल, तुमचे उपकाल…”

“हल्ली तुमच्या वयाच्या बायकांना फार गोडी लागलीय या खेळाची,” बाई हातमोजे चढवत म्हणाल्या. “आ करा.”

रविवारी दुपारी जेवणं उरकली, हे आत जाऊन झोपले, मी पदर खोचला आणि कानाला हेडफोन लावून दिवाणावर बसले. डावात तन्मय, ऋजुता, त्यांचे मित्रमैत्रिणी असे तिसेक जण. माझा खेळाडू म्हणजे काळ्या बनियनमधला दाढीवाला दांडगट पुरुष; तो बदलायचा कसा ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

विमानातून सगळे उतरेपर्यंत थांबले. मग एकटीच टेकडीकडे उडी घेतली. वाटेत एका पडवीत औषधाची पेटी, एक पट्टी आणि एक छोटं पिस्तूल मिळालं, तेवढंच घेतलं. वाकून वाकून चालत पिवळ्या बंगल्यामागं गेले. न्हाणीघर होतं. आत शिरले, दार लावलं, टबात आडवी झाले.

लांब कुठंतरी धडाधड गोळ्या चालल्या होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात कोण मेलं त्यांची नावं येत होती. ऋजुतानं तिघांना मारलं. मग तिलाही कोणीतरी मारलं. मी दर नावाला शरयूबाईंचं नाव शोधत होते. येत नव्हतं. बाई चिवट आहे, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात पावलं ऐकू आली. हळू, दबकी. बंगल्याला वळसा घालून आली, दाराशी थांबली. पिस्तूल कुठल्या बटणानं बाहेर काढतात तेच आठवेना.

दार उघडलं. आत एक टक्कल पडलेला, लाल चड्डीतला पहिलवान शिरला. हातात लोखंडी तवा. त्यानं मागं वळून दार व्यवस्थित लावून घेतलं. मग त्याला टबात मी दिसले. तो जागीच थिजला आणि बारीक आवाजात म्हणाला, “अगं बाई! इथं कोणीतरी आहे.”

या खेळात शेजारी उभ्या असलेल्या शत्रूचं बोलणं ऐकू येतं, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. आवाज मात्र मी लगेच ओळखला.

“विहीणबाई?”

पहिलवान दोन पावलं मागं सरकला. “कोण? तुम्ही?”

“मी आधी आलेय इथं.”

“ही जागा मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलीय. गुपित आहे हे.”

“कोण डॉक्टर?”

“हर्डीकर. दातांच्या. माझी कवळी त्याच करतायत.”

मी टबात उठून बसले. “माझी दाढही त्याच करतायत!”

मग शरयूबाई घसा खाकरून म्हणाल्या, “तुमच्याकडे बंदूक आहे ना? मारा मग.”

“छे छे. तुमच्या हातात तवा आहे. आधी तुम्ही मारा, विहीणबाई.”

“असं कसं? तुम्ही वरमाई. पहिला मान तुमचा.”

“पण पहिलं बाळंतपण माहेरचं म्हणता ना? मग आधी तुम्ही.”

“नको हो. मी मारलं तर उद्या म्हणाल, मुलीकडच्यांनी पायरी सोडली.”

“आणि मी मारलं तर तुम्ही गावभर सांगाल, वरमाईचा तोरा बघा.”

“मी कशाला सांगेन? मी लग्नातलंही कुणाला सांगितलं नाही!”

“लग्नातलं काय?” मी म्हणाले. “लग्नातलं तर मी सांगायला हवं!”

“काय सांगणार तुम्ही?” पहिलवानाचा आवाज कापायला लागला. “माझी बहीण पहाटेपासून मठ्ठा करत होती. आचाऱ्याला हात लावू दिला नाही तिनं. आणि तुम्ही भर पंगतीत एक घोट घेतलात, तोंड वेडंवाकडं केलंत आणि म्हणालात, आंबट आहे. ती बिचारी मागं जाऊन रडली.”

मला आठवेना. मग आठवलं.

“अहो, माझी दाढ!” मी म्हणाले. “त्या दिवसापासून ठणकतेय ती दाढ. आंबट लागलं की मस्तकात कळ जायची. मठ्ठा अमृतासारखा असता तरी मी तसंच तोंड केलं असतं. मुलाच्या लग्नात दाढ दुखतेय म्हणून कुठं सांगत बसू? तीच ही दाढ, तिचंच तर काम चाललंय आता हर्डीकरबाईंकडे.”

पहिलवानानं तवा खाली केला.

“पण तुम्ही काय केलंत?” मी आता टबातून बाहेर आले होते. “स्टेजवर फोटो काढताना तुम्ही फोटोग्राफरला सांगितलंत, त्या निळ्या साडीतल्या बाईंना जरा बाजूला करा. माझ्या एकुलत्या एक मुलाचं लग्न! त्यानं मला खरंच दंडाला धरून बाजूला केलं. मुलाच्या लग्नाच्या अल्बमात माझा फक्त कोपर आला आहे.”

“अगं बाई,” शरयूबाई म्हणाल्या. मग परत म्हणाल्या, “अगं बाई. त्या तुम्ही होतात?”

“मग कोण?”

“मी चष्मा काढून ठेवला होता हो. फोटो चांगले यावेत म्हणून. मला त्या दिवशी माणसं दिसतच नव्हती, नुसते रंग दिसत होते. मी जावयाच्या ऐवजी त्याच्या मित्राला ओवाळणार होते, ऋजुतानं हात धरला म्हणून.”

मला हसू यायला लागलं. दाढीवाला दांडगट आणि टकला पहिलवान न्हाणीघरात समोरासमोर उभे, आणि दोघांच्या तोंडून आमचं हसणं. शरयूबाई हसताना मध्येच म्हणत होत्या, “कोपर! फक्त कोपर!”

इतक्यात माझ्या नकाशावर निळं निळं दिसायला लागलं.

“विहीणबाई, धूर आला. पळायला हवं.”

“मला लागलंय हो. मघाशी एकानं दोन गोळ्या मारल्या. मी पोचणार नाही. तुम्ही जा.”

“थांबा.” मी माझी औषधाची पेटी जमिनीवर टाकली. “घ्या.”

“अहो, तुम्हाला लागेल.”

“घ्या म्हणते ना.”

त्यांनी घेतली. मग कसंतरी वाटून त्यांनी आपलं शिरस्त्राण काढून माझ्यापुढं ठेवलं. मी ते घेतलं आणि एक पट्टी ठेवली. त्यांनी त्यावर सरबताची बाटली ठेवली. “एवढं कशाला” आणि “राहू द्या हो” करता करता धूर बंगल्याच्या भिंतीला येऊन टेकला, तेव्हा कुठं आम्ही दार उघडून पळालो.

गवतातून वाकून वाकून चाललो. समोरच्या झाडामागून एकजण बाहेर आला. त्यानं शरयूबाईंवर नेम धरला.

“आई, बाजूला हो!” तो म्हणाला. तन्मय होता.

“खाली कर ती बंदूक.”

“आई, तू जिंकशील! त्यांना मारू दे मला, म्हणजे तू आधी येशील!”

“तुझ्या सासूबाई आहेत त्या!”

“अगं खेळ आहे हा!”

मी काय केलं ते सांगते. “तवा द्या,” म्हणाले. शरयूबाईंनी तो माझ्यापुढं टाकला, मी उचलला आणि माझ्या पोटच्या पोराला घातला. एकदा नाही, चारदा. तो “आई, आई, आई” करत गवतात पडला. त्या तवा मारण्याच्या बटणाची माझ्या हाताला जी सवय लागली ती अजून पूर्ण गेलेली नाही.

“आता आपण दोघीच,” शरयूबाई म्हणाल्या.

दोघी बसलो गवतात. धूर चारही बाजूंनी येत होता.

“खरं सांगू?” त्या म्हणाल्या. “मला आधी जायचं नव्हतंच. मी कधी विमानात बसले नाहीये. एकटी, एवढ्या लांब, रात्रभर समुद्रावरून. भीती वाटते. पण तुम्ही आधी जाणार म्हटलं की रागानं तोंडातून निघायचं, मीच जाणार.”

मीही रोज रात्री पडल्या पडल्या तेच ठरवत होते, की समजा जिंकलेच, तर काय सबब सांगून आठ दिवस पुढं ढकलावं.

“मग जाऊ या बरोबर,” मी म्हणाले.

“पण घर लहान आहे ना त्यांचं?”

तेवढ्यात धुरानं आम्हाला गाठलं. दाढीवाला आणि पहिलवान, दोघेही एका दमात आडवे झाले. पडद्यावर जिंकणाऱ्याचं नाव आलं. तन्मयचा कोणी ऑस्ट्रेलियन मित्र. तो म्हणे एका झुडपात उतरून, फोन तिथंच ठेवून, कुत्र्याला अंघोळ घालायला गेला होता. परत आला तेव्हा जिंकलेला होता.

मग हेडफोनमध्ये एकदम कल्लोळ झाला. मेलेली सगळी मंडळी मघापासून आमच्याच पडद्यात डोकावून ऐकत होती. कोणी हसत होतं, कोणी कोपर कोपर म्हणत होतं. त्या गोंधळात मी विचारलं, “आधी कोण मेलं आमच्यातलं?”

“दिसलंच नाही आई,” ऋजुता म्हणाली. ती हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. “आणि एक सांगायचंय. दोघींनाही. घर लहान नाहीये. दोन बेडरूम आहेत, वर आणखी एक खोली आहे. तुम्ही दोघी एका घरात आलात तर बाळाआधी आम्हीच दवाखान्यात जाऊ, म्हणून सांगितलं होतं.”

मग शरयूबाईंचा आवाज आला, कडक. “ऋजुता, आईशी खोटं बोललीस?”

“आणि तन्मय,” मी म्हणाले, “तू पण?”

“झालं,” तन्मय म्हणाला. “एक झाल्या.”

संध्याकाळी फोन वाजला. शरयूबाईंचा पहिलाच फोन. आधी इकडचं तिकडचं झालं. लोणचं विमानात नेऊ देतात का, डिंकाचे लाडू कोणी करायचे आणि आळिवाचे कोणी. दोघी सारख्या एकमेकींना “तुमच्या हातचे चांगले” म्हणत होतो. मग त्यांनी विषय बदलला.

“एक विचारू? तुमचा पासपोर्ट कुठल्या साली काढलेला आहे? म्हणजे मला जरा अंदाज येईल, किती दिवस लागतात.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“विहीणबाई? ऐकू येतंय ना?”

“माझा नाहीये,” मी म्हणाले. “आधी जिंकू, मग अर्ज करू, असा विचार होता.”

मग त्या हळूच म्हणाल्या, “माझाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही एका रिक्षातून अर्ज भरायला गेलो. माझ्या जन्मदाखल्यात नाव वेगळं निघालं, त्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख चुकलेली. पोलीस चौकशीला आले तेव्हा मी शरयूबाईंकडे लाडू वळायला गेले होते, म्हणून ते परत गेले. व्हिसाला त्यांचा फोटो दोनदा नापास झाला, कारण त्या चष्मा काढून भलतीकडंच बघत होत्या. या सगळ्यात नात झाली. बाळंतपण केलं ऋजुताच्या शेजारच्या एका केरळी बाईनं, आणि फार छान केलं.

आम्ही दोघी मेलबर्नला उतरलो तेव्हा आमची नात पालथी पडायला लागली होती. ऋजुतानं तिला दोघींच्या मधोमध सतरंजीवर ठेवलं. तिनं मान उचलली, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शरयूबाईंकडे, आणि घर डोक्यावर घेऊन रडायला लागली.

आता ती सहा वर्षांची आहे. त्या दिवशी ती आधी कुणाला बघून रडली, यावर आमचं दोघींचं अजून एकमत झालेलं नाही. मी म्हणते, शरयूबाईंना बघून.